विधी, कर्ता आणि वैगुण्य : क्रिस हाइन्ट्झ यांची दोन आसनी घरबांधणीची विमाने

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात शब्दप्रामाण्याची चर्चा करताना एक जुना आक्षेप नोंदविला आहे. पुत्रप्राप्तीची इच्छा असणाऱ्याने अमुक इष्टी करावी असे वेदवाक्य आहे. एखाद्याने ती इष्टी केली आणि पुत्र झाला नाही, तर ते वाक्य खोटे ठरले असे का म्हणू नये? नैयायिकांचे उत्तर असे की, वाक्यात दोष नाही. दोष कर्मात असेल, कर्त्यात असेल किंवा साधनात असेल. हे त्रिविध वैगुण्य एकदा मान्य केले की विधिवाक्य कायमचे सुरक्षित होते. कारण फळ न मिळाल्याचा प्रत्येक प्रसंग ह्या तिघांपैकी कोणाच्या तरी नावावर टाकता येतो. विधिवाक्यांचा, म्हणजे ‘असे करावे’ असे सांगणाऱ्या वाक्यांचा, अभ्यास करीत असताना ह्या वादाचे एक आधुनिक रूप मला अगदी अनपेक्षित ठिकाणी आढळले. ते ठिकाण म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरी बांधावयाच्या दोन आसनी हलक्या विमानाची आरेखने आणि त्यांसोबतची पुस्तिका.

प्रस्तुत लेखात क्रिस हाइन्ट्झ ह्या रचनाकाराच्या दोन विमानांचा, सी.एच. ७०१ आणि सी.एच. ६०१ एक्सएल ह्यांचा, इतिहास पाहावयाचा आहे. मी अभियंता नाही. गणिताचा भाग जेवढा मला पडताळून पाहता आला तेवढाच येथे घेतला आहे. तथापि ह्या इतिहासात एक प्रश्न असा आहे की, त्याचे उत्तर केवळ अभियांत्रिकीत सापडत नाही. जो माणूस रचनाकाराला कधी दिसणार नाही त्याच्या हातांसाठी विमान रचावयाचे कसे, आणि ते फसले तर वैगुण्य कोणाचे?

घरी विमान बांधण्याची हौस विमानाइतकीच जुनी आहे. राइट बंधूंनी दुसरे काय केले होते? पण ज्याने बांधले त्यानेच रचले, ही त्या काळातील रीत होती. रचणारा एक आणि बांधणारे हजारो, ही फारकत प्रथम ठळकपणे दिसते ती फ्रान्समध्ये आंरी मिन्ये ह्यांच्या ‘आकाशातील पिसू’ ह्या विमानात. एच.एम. १४ हे त्याचे तांत्रिक नाव. १९३३ मध्ये ते उडाले आणि १९३४ मध्ये मिन्ये ह्यांनी ते कसे बांधावे ह्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. १९३५ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. साधी पेटी ठोकून तयार करता येणाऱ्या कोणालाही हे विमान बांधता येईल असा मिन्ये ह्यांचा विश्वास होता, आणि वाचकांनी तो अक्षरशः खरा मानला. विमान एका आसनाचे होते, म्हणून आपल्या विषयात ते नेमके बसत नाही. पण येथे पहिल्यांदा विमान हे वाचनीय झाले. ते विकले गेले नाही, वाचले गेले. त्यानंतर अपघात होऊ लागले. वाऱ्याच्या बोगद्यातील चाचण्यांत असे दिसले की, विमानाने काही अंशांपलीकडे नाक खाली घातले की पुढचा आणि मागचा पंख परस्परांवर असा परिणाम करतात की वैमानिकाला ते पुन्हा सावरता येत नाही. १९३६ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटन दोन्ही देशांत त्याच्या उड्डाणावर बंदी आली. ज्यांनी पुस्तकातील प्रत्येक वाक्य निष्ठेने पाळले होते त्यांचेही विमान ह्या दोषातून सुटले नव्हते. वैगुण्य विधीतच होते.

युद्धानंतर ही चळवळ अमेरिकेत पुन्हा उभी राहिली. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी ह्यांनी मिल्वॉकी येथे हौशी विमानबांधकांची संघटना स्थापन केली. कायद्याने ‘हौशी बांधणीचे’ विमान मान्य केले, पण एका अटीवर : विमानाचा अधिक भाग स्वतः बांधणाऱ्याने, शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेला असला पाहिजे. व्यवहारात हिला एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. ह्या अटीचा परिणाम विलक्षण आहे. संच विकणाऱ्याने आपला माल पूर्ण तयार करून देणे कायद्याच्याच विरुद्ध ठरते. त्याने तो मोजून अपुरा ठेवावयाचा. आणि जो हे अपुरेपण भरून काढतो त्याचेच नाव सरकारी नोंदीत ‘निर्माता’ म्हणून लागते. म्हणजे कर्ता कोण, हा प्रश्न कायद्याने आधीच सोडवून ठेवला आहे. फक्त तो ज्या दिशेने सोडवला आहे ती दिशा अपघातानंतर महत्त्वाची ठरते.

‘अल्ट्रालाइट’ ह्या शब्दाविषयीही येथेच सांगून टाकावे. हा शब्द एक आहे आणि त्याचे अर्थ देशागणिक वेगळे आहेत. हँगग्लायडरला लहान इंजिन जोडण्याच्या खटपटीतून, १९७० नंतरच्या दशकात, ही जात जन्मली. अमेरिकेने १९८२ मध्ये नियम केला तेव्हा अल्ट्रालाइट म्हणजे एकाच माणसाचे, रिकामे असताना २५४ पौंडांहून, म्हणजे सुमारे ११५ किलोहून हलके असलेले यान, अशी व्याख्या केली. युरोपात मात्र दोन आसनांचे, उड्डाणाच्या वेळी एकूण ४५० किलोपर्यंतचे आणि ताशी ६५ किलोमीटरच्या आत हवेत तग धरू शकणारे विमानही बराच काळ ह्याच नावाने ओळखले गेले. कॅनडाची व्याख्या तिसरीच. त्यामुळे एकच विमान एका देशात अल्ट्रालाइट, दुसऱ्यात हौशी बांधणीचे आणि तिसऱ्यात ‘हलके क्रीडाविमान’ असू शकते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्यात नवल वाटणार नाही. पण रचनाकाराला हे तीनही अर्थ एकाच पत्र्यात बसवावे लागतात.

क्रिस हाइन्ट्झ ह्यांचे शिक्षण झुरिकच्या सुप्रसिद्ध तंत्रविद्यापीठात झाले. फ्रान्समध्ये त्यांनी कॉन्कॉर्डच्या कामात भाग घेतला आणि नंतर दिजाँ येथील रोबँ ह्या विमानकंपनीत ते मुख्य अभियंता होते. त्या कंपनीच्या धातूच्या विमानांच्या नावांतील ‘एच.आर.’ ही अक्षरे हाइन्ट्झ आणि रोबँ ह्या दोन आडनावांची आहेत. नोकरी करीत असतानाच त्यांनी स्वतःसाठी एक दोन आसनी धातूचे विमान रचले व बांधले. ते २२ मार्च १९७० रोजी उडाले. त्याचे नाव त्यांनी ‘झेनिथ’ ठेवले. रोमन लिपीत हाइन्ट्झ ह्या आडनावाची सहा अक्षरे उलटसुलट मांडली की झेनिथ हा शब्द तयार होतो.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. झेनिथ म्हणजे आपला ‘खस्वस्तिक’, डोक्यावरील आकाशबिंदू. मूळ अरबी पदबंध ‘समत् अर्-रास’, म्हणजे डोक्यावरून जाणारी वाट. मध्ययुगीन लॅटिन नकलकारांनी ह्यातील ‘समत्’ लिहिताना ‘एम’ ह्या अक्षराच्या तीन उभ्या रेषा ‘एन’ आणि ‘आय’ अशा वाचल्या, आणि ‘सेमत्’चे ‘सेनित्’ झाले. आज युरोपातील बहुतेक भाषांत रुळलेला हा शब्द मुळात एक नकलेतील चूक आहे. ज्या माणसाचे सारे आयुष्य आपल्या रेषा दुसऱ्यांनी अचूक वाचाव्यात ह्या धडपडीत गेले, त्याच्या विमानाला हे नाव असावे हा केवळ योगायोग. पण तो विसरता येत नाही.

१९७३ मध्ये हाइन्ट्झ कॅनडात गेले. तेथे डी हॅव्हिलंड कंपनीत डॅश-७ ह्या, आखूड धावपट्टीवर उतरणाऱ्या प्रवासी विमानाच्या कामावर ते होते. १९७४ मध्ये त्यांनी ‘झेनएअर’ हा स्वतःचा उद्योग ऑन्टारिओत सुरू केला. आधी आरेखने, मग संच. पुढे १९९२ मध्ये त्यांच्या मुलाने अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील मेक्सिको नावाच्या गावी ह्याच विमानांचे संच बनविणारी कंपनी काढली. हाइन्ट्झ २०२१ मध्ये वारले.

सी.एच. ७०१ हे विमान १९८६ चे. वरच्या बाजूस पंख, शेजारी शेजारी दोन आसने, तीन चाके. पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ८.२ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ ११.४ चौरस मीटर, आणि पुढील काळातील ऐंशी अश्वशक्तीच्या रोटॅक्स ९१२ इंजिनासह एकूण वजन सुमारे ५०० किलो. दिसावयास ते सुंदर नाही. पंख बेढब जाड, त्यांच्या पुढच्या कडेसमोर एक पट्टी कायमची बसविलेली, मागच्या कडेखाली दुसरी पट्टी लोंबकळणारी, आणि शेपटीला स्थिर उभा पंख मुळीच नाही. तेथे संपूर्ण सुकाणूच वळते. ह्या प्रत्येक कुरूपतेला कारण आहे, आणि ते कारण नुसते वायुगतीचे नाही.

पुढच्या पट्टीला स्लॅट म्हणतात. विमान सावकाश उडत असताना पंखाला नाक वर करावे लागते. एका मर्यादेनंतर वरच्या पृष्ठावरील हवा पंखाला सोडून देते आणि उद्धरण ढासळते. स्लॅट व पंख ह्यांमधील फटीतून वेगाने येणारी हवा वरच्या प्रवाहाला धरून ठेवते, म्हणून ही मर्यादा पुष्कळ पुढे जाते. जर्मनीच्या फीझेलर श्टोर्ख विमानात १९३६ च्या सुमारास पंखाच्या संपूर्ण लांबीचा असा स्थिर स्लॅट होता. कल्पना नवी नव्हती. हाइन्ट्झ ह्यांच्या हिशेबाने स्लॅट आणि मागील फ्लॅप मिळून ह्या पंखाचा कमाल उद्धरणगुणांक ३.१ पर्यंत जातो. हा आकडा घेऊन मी स्वतः गुणाकार करून पाहिला : ५०० किलो वजन, ११.४ चौरस मीटर पंख आणि समुद्रसपाटीची हवा ह्या हिशेबात विमान ताशी सुमारे ५४ किलोमीटरपर्यंत तग धरते. ह्याच वेगासाठी गुणांक २ असलेला साधा पंख वापरावयाचा तर क्षेत्रफळ साडेसतरा चौरस मीटरांच्या वर न्यावे लागेल. म्हणजे दीडपटीहून मोठा पंख, तेवढा अधिक पत्रा, तेवढे अधिक रिव्हेट, तेवढे अधिक वजन. स्लॅटला हालचाल दिली असती तर वेगवान उड्डाणात तो मिटवून ओढ कमी करता आली असती. पण हलणारा स्लॅट म्हणजे रूळ, चाके, सांधे, आणि ते सारे कोणीतरी आपल्या गॅरेजमध्ये अचूक बसवावयाचे. म्हणून तो स्थिर.

मागची लोंबती पट्टी युंकर्स पद्धतीची. तीही फटीच्या तत्त्वावर चालते आणि एलेरॉन व फ्लॅप ही दोन्ही कामे एकटीच करते, म्हणून भाग निम्मे. आडव्या शेपटीचा छेद उलटा आहे, म्हणजे त्याचा फुगवटा खाली. कारण नाक वर करून सावकाश उडताना शेपटीला जोराने खाली दाबावे लागते. चाकांचा पाट म्हणजे ॲल्युमिनियमची वाकविलेली एकच जाड पट्टी. पत्रे शक्यतो एकाच दिशेने वाकवावयाचे. घमेल्यासारखा दोन्ही दिशांनी गोलवा जेथे लागेल तेथे आकारच बदलावयाचा.

रिव्हेटची गोष्ट ह्या सर्वांहून बोलकी आहे. कारखान्यातील विमानात भरीव रिव्हेट ठोकतात. एक माणूस हातोडा चालवितो आणि दुसरा मागून लोखंडी ठोकळा धरतो. दोघांची लय जमावी लागते आणि मागची बाजू हाताला पोचावी लागते. हाइन्ट्झ ह्यांनी एका बाजूने ओढून बसविण्याचे आंधळे रिव्हेट वापरले. एकटा माणूस, साधे हातयंत्र, आणि मागे हात पोचण्याची गरज नाही. शिवाय ओढणाऱ्या यंत्राचे तोंड किंचित खोलगट घासून घेतले की रिव्हेटचे सपाट डोके बसताना गोल घुमटासारखे होते. बळकटी आणि दर्जा ह्यांची जबाबदारी हाताच्या कसबाकडून काढून हत्याराच्या तोंडाच्या आकारात ठेवली, असे ह्याचे वर्णन करता येईल. ह्या एका युक्तीत मला त्यांच्या साऱ्या रचनेचे मर्म दिसते. कर्त्यातील वैगुण्य गृहीत धरावयाचे, आणि त्याला वाव उरणार नाही असे साधन त्याच्या हाती द्यावयाचे.

आरेखनांची भाषाही ह्याच वळणाची आहे. तीत क्रियापद जवळजवळ नाही. अमुक व्यासाचे रिव्हेट, अमुक अंतर, कडेपासून अमुक, बस्स. ‘बसवावे’, ‘भोक पाडावे’ हे वाचणाऱ्याने मनात घालावयाचे. आपल्याकडील सूत्रवाङ्मयातही मागील सूत्रातील पद पुढच्यात ओढून घ्यावे लागते, आणि अनुवृत्ती कोठवर चालते हे गुरूवाचून कळत नाही. आरेखनाचा विद्यार्थी गॅरेजमध्ये एकटा असतो. मी एकदा वर्गात दोन विद्यार्थ्यांना पाठीला पाठ लावून बसविले आणि एकाने हातातील साधी आकृती शब्दांत सांगावी, दुसऱ्याने ती काढावी असे सांगितले. पाच ओळींची आकृती तीन प्रयत्नांतही जुळली नाही. तेथे चूक झाली तर कागद वाया जातो, एवढेच.

गुरूची उणीव भरून काढण्याचे काही मार्ग निघाले. बर्ट रुटन ह्यांच्या १९७५ साली उडालेल्या ‘व्हॅरिईझी’ ह्या दोन आसनी विमानाच्या पुस्तिकेने बांधणाऱ्याला टप्प्याटप्प्याने नेण्याची शिस्त घालून दिली. ते विमान अल्ट्रालाइट नव्हते, पण पुढील सर्वांनी तिच्यापासून धडा घेतला. मिसुरीतील कंपनीने आणखी पुढची पायरी गाठली. नव्या ग्राहकाने आधी फक्त सुकाणूचा संच घ्यावा, दोन दिवसांच्या शिबिरात तो कारखान्यातच बांधावा आणि मग पुढचा विचार करावा. सुकाणू हा लहान भाग आहे, पण त्यात पत्रा, फास, भोक, रिव्हेट सारे आले. मुळाक्षरे गिरविण्याचीच ही पद्धत. पुढे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांनी पत्र्यांत भोके आधीच पाडून मिळू लागली. दोन पत्र्यांची भोके जुळली की भाग आपोआप योग्य जागी बसतो. मापावयाचे काहीच राहत नाही. ह्याचा अर्थ, वाक्य कागदावरून निघून धातूत कोरले गेले. विधी आता वाचावा लागत नव्हता.

आपल्या देशातही ह्या इतिहासाचा एक धागा आहे. बंगळूर येथील ‘राजहंस’ ह्या उद्योगाने ‘एक्स-एअर’ नावाच्या दोन आसनी अल्ट्रालाइटचे संच बनविले, आणि ते ब्रिटन-फ्रान्समधील हौशी लोकांनी आपापल्या घरी जुळविले. त्याच्या एका पुढील रूपाचे नाव ‘हनुमान’. हाइन्ट्झ ह्यांच्या पद्धतीच्या हे नेमके उलट टोक आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्या बोल्टने जोडावयाच्या आणि त्यांवर आधीच शिवून आलेले कापड चढवावयाचे. बांधणाऱ्याने करावयाचे असे कमीत कमी ठेवले की चुकण्यासारखेही कमी राहते. नळी आणि कापड ह्यांची ही वाट स्वस्त व क्षमाशील. पत्र्याची वाट टिकाऊ, पण तिच्यात अंतरे, कडा आणि ताण ह्यांचा हिशेब अधिक.

ताणाचा उल्लेख आला, तेव्हा आता सी.एच. ६०१ कडे वळावयास हवे.

६०१ ही मालिका १९८४ मध्ये उडालेल्या सी.एच. ६०० पासून निघाली. खालच्या बाजूस पंख असलेले, वेगासाठी रचलेले हे दोन आसनी विमान. त्याची अनेक रूपे झाली. त्यांतील एक्सएल हे नव्या पंखाचे, नव्या छेदाचे आणि अधिक वजन वाहणारे. अमेरिकेने २००४ मध्ये ‘हलके क्रीडाविमान’ हा नवा वर्ग निर्माण केला आणि त्याची वजनाची मर्यादा १३२० पौंड, म्हणजे सुमारे ६०० किलो ठरविली. एक्सएल ह्या वर्गात बरोबर बसत होते. ह्या वर्गात संपूर्ण बांधून तयार विमानही विकता येत असे, आणि त्यासाठी सरकारने पूर्वीसारखी तपासणी करावयाची नव्हती. विमान ठरावीक उद्योगमानकांप्रमाणे आहे असे निर्मात्यानेच जाहीर करावयाचे. म्हणजे एक्सएल दोन वाटांनी आकाशात जात होते : संचातून घरी बांधलेले आणि कारखान्यात पूर्ण झालेले.

२००६ पासून ह्या विमानाचे पंख उडत्या स्थितीत मोडण्याचे अपघात होऊ लागले. १४ एप्रिल २००९ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनला तातडीचे पत्र लिहिले. तोवर अमेरिकेत आणि युरोपात मिळून असे सहा अपघात होऊन दहा माणसे मेली होती. मंडळाने हे विमान, मग ते कोणत्याही वाटेने बांधलेले असो, उडू देऊ नये अशी शिफारस केली. युरोपात काही देशांनी २००८ मध्येच ते जमिनीवर बसविले होते.

मंडळाचा मुख्य संशय फ्लटरवर होता. मराठीत ‘फडफड’ म्हणता येईल, पण आपल्या फडफडीत निरुपद्रवी पताका डोळ्यांपुढे येते. येथील फडफड स्वतःला पोसणारी असते. पंख लवचीक असतो. हवेच्या झटक्याने तो वर उचलला गेला आणि मागच्या कडेचा एलेरॉन आपल्या जडत्वाने मागे राहून खाली झुकला, तर झुकलेला एलेरॉन उद्धरण वाढवितो व पंखाला आणखी वर ढकलतो. पंख खाली परतताना हाच प्रकार उलट दिशेने. विशिष्ट वेगापुढे प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो आणि थोड्याच क्षणांत धातू फाटतो. ह्यावर जुना उपाय असा की, एलेरॉनच्या बिजागरीपुढे वजन लावून त्याचा तोल साधावयाचा, म्हणजे तो मागे राहतच नाही. एक्सएलच्या एलेरॉनांना असे वजन नव्हते. त्यांना जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम नियंत्रणाच्या पोलादी तारांकडे होते, आणि त्या तारा पुस्तिकेत सांगितलेल्या ताणाने ओढलेल्या असाव्यात अशी अपेक्षा होती.

निर्मात्यांची भूमिका त्या वेळी अशी होती की, ताण सांगितल्याप्रमाणे असेल तर फडफड होत नाही; म्हणून मालकांनी ताण तपासावा. ह्या विधानात असत्य काही आहे असे मला वाटत नाही. पण त्याची रचना पाहा. विधी निर्दोष आहे. फळ मिळाले नसेल तर कर्त्याने तार ढिली ठेवली असेल, किंवा साधन, म्हणजे तार, ढिले पडले असेल. नैयायिकांचे उत्तरच जणू. मंडळाने नेमक्या ह्याच जागी हरकत घेतली : फडफडीपासून संरक्षण केवळ तारेच्या ताणावर सोपविता येत नाही. आणि ही हरकत व्यवहारातही खरी आहे. ॲल्युमिनियम पोलादाहून अधिक आकुंचन पावते. थंडीत विमानाचे शरीर आखडते व तारा सैल पडतात. उन्हाळ्यात निष्ठेने विधी पाळणाऱ्याचे विमान हिवाळ्यात विधिबाह्य होते. कर्त्याने काही न करता.

मला ह्याहून महत्त्वाचा वाटतो तो विरोधाभास. ज्या रचनाकाराने रिव्हेटच्या डोक्याचा गोलवासुद्धा बांधणाऱ्याच्या हातावर सोडला नाही, त्याच्या विमानात पंख टिकणे न टिकणे हे एका मोजमापावर, तेही वारंवार करावयाच्या मोजमापावर, राहिले. भोक एकदा जुळले की जुळले. ताण हा रोज नव्याने म्हणावयाचा मंत्र आहे. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे आज्ञार्थाला अविरत वर्तमानकाळ जोडला गेला, आणि ती जोड पुस्तिकेत तिच्या वजनाप्रमाणे उमटली नाही.

फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने मंडळाची शिफारस लगेच स्वीकारली नाही. स्वतंत्र पाहणी चालू ठेवली. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत आणखी एक विमान हवेत मोडले. त्यानंतर मात्र त्यांनी, निर्मात्यांनी सुचविलेली दुरुस्ती केल्याखेरीज विमान उडवू नये असे मालकांना सांगितले. जानेवारी २०१० च्या त्यांच्या अहवालात कोणतेही एकच मूळ कारण दिलेले नाही. अनेक गोष्टी एकत्र आल्या असाव्यात असा त्याचा निष्कर्ष आहे. पण त्या गोष्टींत एक अशी आहे की, जिला तार, थंडी किंवा गॅरेज ह्यांपैकी कशाचीही आड घेता येत नाही. पंखाची बांधणी ज्या भारांवर आधारली होती ते भार ६०० किलोच्या विमानासाठी मानकात अपेक्षित असलेल्या भारांपेक्षा कमी धरले गेले होते, आणि चाचणीतही पंख त्या मानकाला उतरत नव्हता. वेगमापकाच्या अचूकतेविषयी आणि दांड्याला लागणाऱ्या जोराविषयीही शंका नोंदविल्या गेल्या.

कर्ता, कर्म आणि साधन ह्या तिन्हींना येथे बाजूला ठेवावे लागते. एखाद्याने प्रत्येक रिव्हेट नेमक्या अंतरावर बसविला असेल, ताण दर महिन्याला मोजला असेल, तरी ज्या पंखाचे आरेखन त्याने निष्ठेने प्रत्यक्षात आणले तो पंखच उणा होता. जितकी निष्ठा अधिक, तितकी ती उणीव अचूक उतरली. नकलकाराने ‘एम’च्या जागी ‘एन-आय’ वाचले तर मूळ पाठ कोठेतरी शुद्ध राहतो आणि पाठचिकित्सेने तो परत मिळविता येतो. येथे मागे जावयास शुद्ध पाठ नव्हता. हाइन्ट्झ ह्यांच्याविषयीचा आदर ह्याने माझ्या मनात कमी झाला नाही, हे सांगितले पाहिजे. ७०१ ची रचना मी आजही त्या जातीतील सर्वांत विचारपूर्वक रचनांत धरतो. पण तीच व्यक्ती एकदा आपल्या वाचकाच्या चुकीचा विचार करते आणि दुसऱ्यांदा आपल्या स्वतःच्या चुकीसाठी वाचकाच्या हाती काहीच देत नाही. रचनाकाराची चूक पकडण्याचे साधन पुस्तिकेत कोठे असते? कोणत्याच पुस्तिकेत नसते. ते बाहेर असावे लागते, परीक्षकाच्या हातात. आणि २००४ च्या नियमाने नेमका हाच बाहेरचा हात काढून घेतला होता.

७०१ च्या बाबतीत एक निराळी गोष्ट घडली, ती ह्या संदर्भात मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे. काही मालकांनी त्याचे स्लॅट काढून टाकले आणि पंखावर पुढच्या बाजूस ओळीने लहान लहान उभ्या पट्ट्या चिकटविल्या, ज्या हवेत भोवरे निर्माण करून प्रवाह धरून ठेवतात. वेग थोडा वाढतो, असे ते सांगतात. रचनाकाराच्या पाठात वाचकाने केलेला हा प्रक्षेप. कायद्याच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही, कारण नोंदीप्रमाणे निर्माता तोच आहे. तो आता केवळ वाचक राहिला नाही. आणि ज्या दिवशी त्याचे अनुमान चुकेल त्या दिवशी विधिवाक्यही त्याचेच असेल.

एक्सएलच्या दुरुस्तीत मुख्य तुळईला आणि मधल्या भागाला जादा धातूचे बळ देण्यात आले, आणि एलेरॉनांना तोलाची वजने बसविण्यात आली. सुधारलेल्या विमानाला एक्सएल-बी असे नाव मिळाले आणि पुढील रूप सी.एच. ६५० म्हणून आले. ही दुरुस्ती बहुतेक संचमालकांना कारखान्यात करून मिळाली नाही. ती त्यांच्याकडे पेटीतून गेली : कापलेले पत्रे, रिव्हेट, नवी आरेखने आणि ती कोणत्या क्रमाने वाचावीत ह्याची पाने. पूर्ण झालेल्या, रंगविलेल्या पंखातील जुने रिव्हेट त्यांनी स्वतः एकेक करून पोखरून काढले, आणि त्याच भोकांतून नवे बसविले.